जून ते ऑगस्ट ग्वाममध्ये हवामान कसं राहील?

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी आणि जावई पश्चिम पॅसिफिकमधल्या ग्वाम या अमेरिकी बेटावर राहतात आणि जुलैअखेर मुलीचं बाळंतपण आहे. पुण्याहून साठी ओलांडलेले आईवडील १५ जूनला निघून ३० ऑगस्टला परतणार आहेत. त्यांनी कुठेतरी 'या उन्हाळ्यात सरासरीपेक्षा जास्त पावसाची शक्यता ४५ टक्के' असं वाचलं, शिवाय २०२३ च्या मावार टायफूनचे, म्हणजे तिथल्या चक्रीवादळाचे, व्हिडिओ पाहिले. त्यामुळे जावं की नाही, आणि गेलो तर काय तयारी ठेवावी, असं त्यांनी विचारलं आहे.

जा, नक्की जा. पण या एका प्रश्नात तीन प्रश्न आहेत आणि तिन्हींची उत्तरं सारख्या खात्रीने देता येत नाहीत. रोजची हवा कशी असते, हे आज छातीठोक सांगता येतं. हा हंगाम ओला जाईल की कोरडा, याबद्दल फक्त झुकतं माप सांगता येतं. तुमच्या मुक्कामात वादळ येईल का, हे फार तर तीन ते पाच दिवस आधी कळतं, त्याआधी जगात कोणालाही कळत नाही. गोंधळ होतो तो दुसऱ्याचं उत्तर तिसऱ्याला चिकटवल्यामुळे. 'जास्त पाऊस' वाचलं की डोळ्यांसमोर टायफून उभा राहतो, आणि त्या दोन गोष्टी एक नाहीत.

आधी रोजची हवा. ग्वाम साडेतेरा अंश उत्तर अक्षांशावर आहे, म्हणजे साधारण आपल्या बेंगळुरू-चेन्नईच्या रांगेत. पण चहूबाजूंनी समुद्र असल्यामुळे तापमान वर्षभर जवळपास एकाच जागी असतं. दुपारी ३० ते ३२ अंश, पहाटे २४ ते २६, समुद्राचं पाणी २९ च्या आसपास. जून ते ऑगस्टला उन्हाळा म्हणतात ते अमेरिकी कॅलेंडरमुळे. बेटाच्या लेखी जानेवारी ते जून हा कोरडा काळ आणि जुलै ते डिसेंबर हा पावसाळा. म्हणजे तुम्ही कोरड्या काळाच्या शेपटाला उतरणार आणि ऐन पावसाळ्यात परतणार.

ढोबळ आकडे द्यायचे तर जूनमध्ये दीडशे ते पावणेदोनशे मिमी, जुलैत अडीचशे ते तीनशे, ऑगस्टमध्ये साडेतीनशेच्या वर. पुण्याला वर्षभरात जेवढा पडतो त्याहून काहीसा जास्त पाऊस या तीन महिन्यांत पडतो. ऐकायला खूप वाटतं, पण रत्नागिरीला एकट्या जुलैत तेवढा तरी होतो. आणि पडण्याची तऱ्हाच वेगळी असते. आपल्याकडची झड डोक्यात ठेवून गेलात तर पहिल्याच आठवड्यात नवल वाटेल.

जूनमध्ये बहुतेक दिवस पूर्वेचे व्यापारी वारे असतात. लहान-लहान पांढरे ढग पूर्वेकडून पश्चिमेकडे भराभर सरकतात, दहा-वीस मिनिटांची सर येते, लगेच ऊन. अशा सरी रात्री आणि पहाटे जास्त असतात. कपडे वाळतात, घरात वारा खेळतो, घाम सुकतो. जुलैच्या मध्यापासून वारा पडायला लागतो आणि दुसरा प्रकार दिसतो. सकाळ निरभ्र आणि गुदमरवणारी, अकराच्या सुमारास जमिनीवर कोबीच्या गड्ड्यासारखे ढग वाढताना दिसतात, आणि दोन ते चारच्या दरम्यान गडगडाटासह तास-दीड तास कोसळतो. बेट जेमतेम ४८ किलोमीटर लांब, त्यामुळे मंगिलाओत धो-धो आणि तुमोनला ऊन, हे रोजचंच.

तिसरा प्रकार आपल्या ओळखीचा आहे. मान्सूनचा आस म्हणून बातम्यांत जो कमी दाबाचा पट्टा तुम्ही ऐकता, तो भारतापासून दक्षिण चीन समुद्रावरून थेट पश्चिम पॅसिफिकमध्ये जातो. जूनमध्ये त्याचं पूर्वेकडचं टोक सहसा फिलिपिन्सच्या आसपास असतं. ऑगस्टमध्ये ते अधूनमधून मारियाना बेटांपर्यंत (ग्वाम त्यातलंच एक) सरकतं. आस ग्वामच्या उत्तरेला गेला की वारा उलटतो, नैऋत्येकडून येतो, आकाश राखाडी होतं आणि दोन-तीन दिवस, कधी आठवडाभर अगदी कोकणासारखी झड लागते. एखादा टायफून ग्वामला न शिवता फिलिपिन्सकडे किंवा जपानकडे निघून गेला तरी मागे असा नैऋत्य वारा सोडून जातो. 'वादळ तर गेलं, मग आता हा पाऊस कसला?' याचं उत्तर हे.

म्हणून फोनमधलं ॲप उघडून घाबरू नका. या काळात ग्वामसाठी ते दहाच्या दहा दिवस ढग, वीज आणि ६० ते ८० टक्के दाखवतं. त्यातून काहीच कळत नाही, कारण बेटावर कुठेतरी एक सर येणारच असते. त्यापेक्षा सकाळी वाऱ्याची दिशा बघा. पूर्वेचा खणखणीत वारा असेल तर दिवस चांगला. वारा पडलेला असेल तर बाहेरची कामं अकराच्या आत उरका. नैऋत्येचा असेल तर छत्री, रेनकोट आणि कपडे वाळवायला घरात दोरी.

आता त्या ४५ टक्क्यांबद्दल. ग्वामसारख्या बेटांसाठी हंगामी अंदाज तीन कप्प्यांत देतात: सरासरीपेक्षा कमी, सरासरीइतका, सरासरीपेक्षा जास्त. मागची तीस वर्षं कोरड्यापासून ओल्यापर्यंत ओळीने लावली आणि दहा-दहाचे तीन गट केले, की हे कप्पे तयार होतात. काहीच माहिती नसेल तेव्हा प्रत्येक कप्प्याला ३३ टक्के असतात. म्हणजे ४५ ची तुलना शून्याशी नाही, ३३ शी करायची. समजा अंदाज जास्त ४५, सरासरी ३५, कमी २० असा असेल. असे वीस उन्हाळे घेतले तर नऊ ओले जातील, सात नेहमीसारखे आणि चार कोरडे. चार कोरडे, हे विसरू नका. माप झुकलं आहे, निकाल लागलेला नाही.

शिवाय हा अंदाज तीन महिन्यांच्या बेरजेचा असतो, दिवसांचा नाही. ५ जुलै २००२ ला चाताआन टायफून ग्वामवरून गेला तेव्हा बेटाच्या काही भागात ५०० मिमीहून जास्त पाऊस झाला. असं एक वादळ हंगामाला 'सरासरीपेक्षा जास्त' करून टाकतं, बाकीचे ऐंशी-पंच्याऐंशी दिवस नेहमीसारखेच असले तरी. उलट, एकही वादळ न येता आस ऑगस्टभर डोक्यावर रेंगाळला तरी कप्पा तोच. बेरीज सारखी, अनुभव पूर्ण वेगळा.

हे माप झुकवतो तो मुख्यतः एल निनो, म्हणजे मध्य आणि पूर्व पॅसिफिकचं पाणी नेहमीपेक्षा तापण्याची अवस्था. तो सुरू होत असेल तर पश्चिम पॅसिफिकमधली उबदार पाण्याची आणि ढगांची गर्दी पूर्वेकडे सरकते, आसही त्याच्यामागून सरकतो. वादळं मग ग्वामच्या बऱ्याच पूर्वेला जन्मतात आणि ग्वामपर्यंत येताना त्यांना उबदार पाण्यावर बळावायला दिवस मिळतात. ला निना, म्हणजे तेच पाणी नेहमीपेक्षा गार, असेल तर जन्मस्थानं पश्चिमेला सरकतात, व्यापारी वारे जोर धरतात, वादळाचा धोका ग्वामपुरता कमी होतो. मात्र ला निनात पश्चिम पॅसिफिकमध्ये समुद्राची पातळी चढलेली असते, त्यामुळे मोठी भरती आणि उंच लाटा एकत्र आल्या की किनाऱ्यावरच्या सखल रस्त्यांवर पाणी येतं.

तिसरी अवस्था लोकांच्या ध्यानात येत नाही, ती म्हणजे एल निनो संपल्यानंतरचे महिने. ते बहुधा कोरडे आणि शांत असतात. १९९८ च्या पहिल्या सहामाहीत ग्वाममध्ये दुष्काळ होता आणि दक्षिणेच्या गवताळ टेकड्यांवर वणवे लागत होते. त्या वर्षी पश्चिम पॅसिफिकचा वादळी हंगाम जुलैत सुरू झाला. २०१६ लाही तसंच झालं. म्हणून 'यंदा एल निनो आहे' एवढ्यावर मी कधीच मत देत नाही. तो येतोय की जातोय, हे आधी बघते. अमेरिकेचं क्लायमेट प्रेडिक्शन सेंटर दर महिन्याच्या दुसऱ्या गुरुवारी याची ताजी स्थिती देतं. मध्य पॅसिफिकमधल्या ठरावीक पट्ट्याचं पाणी सरासरीपेक्षा अर्धा अंश वर की खाली, यावर सगळं मोजलं जातं. मार्च-एप्रिलमध्ये केलेले एल निनोचे अंदाज हमखास डळमळीत असतात, त्यामुळे तुम्ही वाचलेला अंदाज त्या दिवसांतला असेल तर जूनमधला नवा बघूनच मत बनवा.

आणि वादळ? ग्वामच्या इतिहासातली मोठी नावं तारखांसह बघा. कॅरेन ११ नोव्हेंबर १९६२, पामेला २१ मे १९७६, ओमार २८ ऑगस्ट १९९२, पाका डिसेंबर १९९७, चाताआन ५ जुलै २००२, पोंगसोना ८ डिसेंबर २००२, मावार २४ मे २०२३. सातातली दोनच जून ते ऑगस्टमधली. पाका, पोंगसोना आणि मावार ही एल निनोच्या किंवा एल निनो उभा राहत असलेल्या वर्षांतली, पण कॅरेन तशी नाही. म्हणजे तुमचे महिने सर्वात धोक्याचे नाहीत, आणि कुठलाच महिना पूर्ण सुरक्षितही नाही. ग्वाममध्ये लोक वर्षभर हीच मनोभूमिका ठेवून जगतात आणि त्यांची घरंही तशीच बांधलेली असतात: सिमेंट-काँक्रीटच्या भिंती, काँक्रीटचाच स्लॅब आणि खिडक्यांना लोखंडी किंवा ॲल्युमिनियमची शटर. जावयाला पहिला प्रश्न हाच विचारा, घर काँक्रीटचं आहे का आणि शटर आहेत का. लाकडी किंवा पत्र्याच्या छपराचं असेल तर आधीच ओळखीचं पक्कं घर हेरून ठेवायला हवं. बाकी सगळी तयारी त्यानंतर येते.

वादळ कुठून येईल हे ओळखायला नकाशावर ग्वामच्या आग्नेयेला बघा. 'चूक' नावाची बेटं साधारण हजार किलोमीटरवर आहेत आणि त्यांच्यापलीकडे पोनपे बेट. ग्वामकडे येणारी बरीच वादळं या भागात ढगांचा सैल पुंजका म्हणून सुरू होतात आणि ताशी वीस ते अठ्ठावीस किलोमीटरने वायव्येकडे सरकतात. हजार किलोमीटरला त्या वेगाने दीड ते दोन दिवस लागतात. चूकजवळ काहीतरी गोल फिरायला लागलं असं कळलं की तुमच्या हातात एवढाच वेळ आहे, असं धरून चाला. मावारची वादळ म्हणून ओळख पटली २० मेच्या सुमारास, आणि २४ ला तो पाचपैकी चौथ्या श्रेणीच्या ताकदीने बेटाच्या उत्तर टोकावर होता.

बातम्यांत '९३ डब्ल्यू इन्व्हेस्ट' असं काही दिसलं तर ते वादळ नव्हे. ९० ते ९९ हे आकडे नजर ठेवलेल्या ढगांच्या पुंजक्यांना आळीपाळीने दिले जातात, आणि त्यातले कित्येक विरून जातात. जॉइंट टायफून वॉर्निंग सेंटरने 'फॉर्मेशन अलर्ट' काढला तर मात्र चोवीस तासांत वादळ बनण्याची दाट शक्यता असते. नंतर वेगाचे आकडे वेगवेगळे दिसतील तेव्हा गोंधळू नका. अमेरिकी संस्था एका मिनिटाच्या सरासरीने वारा मोजतात, जपानची हवामान संस्था दहा मिनिटांच्या, म्हणून एकाच वादळाचा जपानी आकडा कमी दिसतो. वेग नॉटमध्ये असेल तर १.८५ ने गुणा. ६४ नॉट म्हणजे ताशी ११८ किलोमीटर, तिथून टायफून. १३० नॉट म्हणजे २४० किलोमीटर, तिथून सुपर टायफून. बुलेटिनवर वेळेपुढे झेड असेल तर त्यात दहा तास मिळवले की ग्वामची वेळ येते. ०६ झेड म्हणजे ग्वामला दुपारचे चार, पुण्यात सकाळचे साडेअकरा. पुण्यातल्या काळजी करणाऱ्या नातेवाइकांनाही हे सांगून ठेवा, म्हणजे जुना नकाशा पुढे पाठवून कोणी घाबरवणार नाही.

ग्वाममध्ये सरकार 'कंडिशन ऑफ रेडिनेस', म्हणजे सीओआर जाहीर करतं. आकडा जितका लहान तितकं वादळ जवळ. सीओआर ४ ही वर्षभराची नेहमीची स्थिती, ती ऐकून दचकू नका. सीओआर ३ म्हणजे धोकादायक वारे ४८ तासांत येऊ शकतात, २ म्हणजे २४ तासांत, १ म्हणजे १२ तासांत. हवामान खात्याची 'वॉच' ४८ तास आधी आणि 'वॉर्निंग' २४ तास आधी येते. अटलांटिकमध्ये 'वॉर्निंग' ३६ तास आधी येते, त्यामुळे फ्लोरिडातल्या भाच्याने सांगितलेलं गणित इथे लावू नका.

सीओआर ३ लागला की गाडीत पेट्रोल, एटीएममधून रोख रक्कम, औषधं, गॅसचं सिलिंडर. त्याच दिवशी हे उरका, कारण सीओआर २ ला पंपावर तासन् तास रांगा असतात. सीओआर २ मध्ये अंगणातल्या कुंड्या, खुर्च्या, सायकली आत घ्या आणि शटर लावा. सीओआर १ नंतर घराबाहेर पाऊल नाही. आणि वारा एकदम थांबला, आकाश उघडलं, तर बाहेर जाऊन बघायचा मोह टाळा. तो डोळा असू शकतो. पंधरा-वीस मिनिटांत, कधी अर्ध्या-पाऊण तासात उलट्या दिशेने तेवढाच वारा येतो, आणि लोक जखमी होतात ते तेव्हा.

पाण्याबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण तिथेच सगळ्यांचा हिशेब चुकतो. ग्वामच्या उत्तर भागात चुनखडीचा खडक आहे. पाऊस लगेच जमिनीत मुरतो आणि खाली समुद्राच्या खाऱ्या पाण्यावर गोड्या पाण्याचा थर तरंगत राहतो. बेटाचं बरंचसं पिण्याचं पाणी या थरातून शंभराहून जास्त विहिरींमधून पंपाने उपसतात. पंप विजेवर चालतात. म्हणजे वीज गेली की नळही जातो, बाहेर कितीही पाऊस पडत असो. मावारनंतर नेमकं हेच झालं. माणशी रोज चार लिटर पिण्याचं, सात दिवसांचं, असं चौघांचं ११२ लिटर होतं. एवढं बाटल्यांत किंवा झाकणाच्या कॅनमध्ये कायम भरलेलं हवं. शौचालयासाठी आणि धुण्यासाठी सीओआर २ लाच टब, बादल्या, अगदी वॉशिंग मशीनसुद्धा भरून ठेवा. जनरेटर असेल तर तो घराबाहेर, खिडकीपासून लांब. गॅरेजमध्ये किंवा पडवीत कधीच नाही, कारण त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

आता बाळंतपण. जुलैच्या सुरुवातीच्या तपासणीतच मुलीने डॉक्टरांना थेट विचारावं, 'शेवटच्या आठवड्यांत सीओआर २ लागला तर मी घरी थांबू की रुग्णालयात येऊ?' उत्तर घर किती लांब आहे आणि गर्भारपणात काही गुंतागुंत आहे का, यावर ठरेल. सीओआर १ नंतर रस्त्यावर उतरता येत नाही, म्हणून हा निर्णय २ लाच घ्यावा लागतो. बाळ झाल्यावर बाळासाठी वेगळं दहा लिटर पाणी बाजूला ठेवा. वरचं दूध द्यावं लागलं तर उकळायला छोटी गॅस शेगडी लागते. वीज नसताना बाळाला उकाड्याचा त्रास होतो. सुती लंगोट आणि झबली चांगली चार डझन न्या, कारण झडीत काही वाळत नाही. हवेत एवढी आर्द्रता असते की बंद कपाटात आठवड्यात बुरशी येते. एसी २५-२६ वर सतत चालू ठेवला तर खोली कोरडी राहते. थंडगार करून मग बंद केला तर भिंतींना घाम येतो.

उन्हाची चेष्टा करू नका. १७ ऑगस्टच्या आसपास ग्वाममध्ये सूर्य भर दुपारी अगदी डोक्यावर असतो, आपल्या शून्य सावलीच्या दिवसासारखा, आणि अतिनील किरणांचा निर्देशांक त्या काळात ११-१२ पर्यंत जातो. वाऱ्यामुळे चटका कळत नाही. बाळाला कोवळं ऊन द्यायचं तर सकाळी आठच्या आत.

समुद्रावर फिरायला तुमोनची बाजू जून-जुलैत सहसा शांत असते, प्रवाळाच्या आत कमरेएवढ्या पाण्यात बसता येतं. पण नैऋत्य वारा सुटला की हीच पश्चिम बाजू खवळते, आणि प्रवाळातल्या खिंडींमधून पाणी बाहेर ओढून नेतं. त्या दिवशी पाण्यात पाय टाकायचा नाही. पूर्व किनारा तर बाराही महिने खडतर. रस्त्यांबद्दल जावयाला माहीत असेलच. तिथल्या डांबरात प्रवाळाची खडी वापरलेली आहे, ती घासून गुळगुळीत होते आणि पहिल्या सरीत रस्ता साबण लावल्यासारखा निसरडा होतो.

शेवटी तिकिटं. भारतातून थेट विमान नाही, मनिला, टोकियो किंवा सोलवरून जावं लागतं. जुलै-ऑगस्टमध्ये टायफूनचा फटका या मधल्या शहरांना बसण्याची शक्यता ग्वामपेक्षा जास्त असते. ग्वामला लख्ख ऊन आणि विमान रद्द, असं होऊ शकतं. सगळा प्रवास एकाच तिकिटावर काढा, म्हणजे मधलं विमान हुकलं तर पुढची सोय विमान कंपनीला करावी लागते. तारीख बदलता येईल असं भाडं निवडा. मावारनंतर विमानतळ प्रवाशांसाठी कित्येक दिवस बंद होता, म्हणून ३० ऑगस्टनंतर पुण्यात लगेच कुठलं ठरलेलं कार्य ठेवू नका. रक्तदाबाच्या, मधुमेहाच्या गोळ्या अडीच महिन्यांच्या नाही, सव्वातीन महिन्यांच्या न्या, आणि त्यातल्या पंधरा दिवसांच्या हातातल्या बॅगेत. इन्सुलिन असेल तर थर्मासची पिशवी आणि फ्रीझरमध्ये गोठवलेल्या पाण्याच्या चार बाटल्या जूनपासूनच तयार ठेवा.